गेलिक शाळेत व्याकरण शिकवताना : आधी कान, मग वही

स्कॉटलंडमध्ये गेलिक या तिथल्या जुन्या भाषेच्या माध्यमाच्या पहिलीत बसणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी कुणीच गेलिक बोलत नाही. पाच वर्षांचं मूल शाळेत येतं आणि पहिल्या दिवसापासून बाई त्याच्याशी फक्त गेलिकमध्ये बोलतात. गाणी, डबा, भांडणं, गणित, सगळं गेलिकमधून. दोन-तीन वर्षांत मुलाला सगळं समजू लागतं, ते वाचू लागतं, न अडखळता बोलू लागतं. खरी अडचण इथून सुरू होते. बोलणं भरभर येतं, पण वाक्याचा सांगाडा इंग्रजीच राहतो आणि त्यावर गेलिक शब्द चढवलेले असतात.

हे फक्त गेलिकचंच दुखणं नाही. कॅनडात १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवायला सुरुवात झाली. पुढच्या काही दशकांत तिथल्या शिक्षकांना हेच दिसलं. मुलं उत्तम समजायची, धीटपणे बोलायची, पण लिंग आणि काळ यांच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहायच्या. भाषा नुसती कानावर पडत राहिली की व्याकरण आपोआप येतं, हा समज घरच्या भाषेपुरता ठीक आहे. दिवसाचे पाच-सहा तासच ऐकू येणाऱ्या भाषेला तो लागू पडत नाही.

म्हणून गेलिक शाळेत व्याकरण शिकवावंच लागतं. मात्र आपण लहानपणी 'स, ला, ते' आणि 'ने, ए, शी' घोकलं, तसं तक्त्यापासून सुरू करून चालत नाही. आधी मुलाच्या तोंडात रूप बसलं पाहिजे, मग त्याच्या लक्षात आणून दिलं पाहिजे, आणि नाव सर्वांत शेवटी द्यायचं. या लेखात तोच क्रम पहिलीपासून सातवीपर्यंत मांडला आहे. शिक्षकांना तो वापरता येईल, आणि ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत त्या पालकांनाही. ग्लासगो-एडिंबरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या शाळांचा रस्ता खुला आहे, कारण घरी गेलिक असण्याची अट नसते.

गेलिक शब्द इथे उच्चाराच्या जवळपास देवनागरीत लिहिले आहेत. 'ख़' म्हणजे 'ख़बर'मधला, घशात घासून येणारा. 'ग़' म्हणजे 'ग़ज़ल'मधला.

थोडी पार्श्वभूमी

१८७२ च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडमध्ये शाळा सक्तीची केली, पण त्यात गेलिकला जागाच ठेवली नाही. उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्समधली आणि बेटांवरची मुलं शाळेत इंग्रजी शिकली, घरी गेलिक बोलली, आणि पुढच्या पिढ्यांत घरातली गेलिकही आटत गेली. गेलिक माध्यमाची आजची प्राथमिक शाळा १९८५ साली सुरू झाली, तीही ग्लासगो आणि इन्व्हर्नेसमधल्या एकेका शाळेतल्या एकेका वर्गापासून. २००५ मध्ये गेलिक भाषा कायदा आला. २००६ मध्ये ग्लासगोत बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत सगळं एका छताखाली देणारी गेलिक शाळा उघडली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ३० हजार लोकांनी आपल्याला थोडीफार तरी गेलिक येते असं नोंदवलं. २०११ मध्ये हा आकडा ८७ हजारांच्या आसपास होता. या वाढीत शाळांचा वाटा मोठा आहे, आणि म्हणूनच शाळेतून बाहेर पडणारी गेलिक कशी आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ही मुलं उद्याची आई-बाबा आणि उद्याचे शिक्षक आहेत.

पहिली पायरी : 'हो' आणि 'नाही' नसलेली भाषा

गेलिकमध्ये 'हो' आणि 'नाही' यांसाठी सुटे शब्द नाहीत. प्रश्नातलं क्रियापदच उत्तरात परत येतं. 'अ वेल ऊ स्कीह?' म्हणजे 'दमलास का?' याचं उत्तर 'हा' किंवा 'ख़ान येल', म्हणजे 'आहे' किंवा 'नाही आहे'. (हा 'हा' आपल्या होकाराचा नाही, 'असणे' या क्रियापदाचं रूप आहे.) मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. 'जेवलास का?' 'जेवलो.' 'आलास का?' 'आलो.' आपणही सर्रास असंच बोलतो.

पहिलीच्या वर्गात हे व्याकरणाचं सर्वांत सुपीक क्षेत्र आहे, कारण प्रश्न विचारल्याशिवाय दिवस जातच नाही. मुलाने नुसती मान हलवली किंवा इंग्रजी 'येस' म्हटलं, तर बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, उत्तराचा पहिला आवाज स्वतः काढायचा आणि थांबायचं. या थांबण्यातच सगळं आहे. मूल क्रियापद उचलून परत देतं, म्हणजे नकळत प्रश्नाचं रूप आणि उत्तराचं रूप यांची जोडी बांधतं. पुढे तिसरी-चौथीत भूतकाळाचे प्रश्न येतात तेव्हा ही सवय असलेली मुलं अडखळत नाहीत.

याच सुमारास 'ऊ' आणि 'शिव' हा भेदही लावून द्यावा. 'ऊ' म्हणजे तू, 'शिव' म्हणजे तुम्ही, वडीलधाऱ्यांसाठी आणि अनेकांसाठी. 'किमर अ हा ऊ?' असं मित्राला, 'किमर अ हा शिव?' असं बाईंना. इंग्रजी घरातल्या मुलाला हा भेद परका असतो. त्याला समजावत बसण्यापेक्षा बाईंनी आणि मदतनीस ताईंनी वर्गात एकमेकींना आणि येणाऱ्या आजी-आजोबांना 'शिव' म्हणत राहावं.

दुसरी पायरी : मुलांची नावं

गेलिक व्याकरणात एक गोष्ट सगळीकडे भेटते, ती म्हणजे शब्दाचा पहिला व्यंजन मऊ होणं. गेलिकमध्ये त्याला 'शेवख़ग़' म्हणतात. 'ब' आणि 'म' यांचा 'व' होतो, 'क' चा 'ख़', 'प' चा 'फ़', 'त' आणि 'स' यांचा 'ह', 'ग' आणि 'द' यांचा 'ग़' किंवा पुढच्या स्वरानुसार 'य', आणि 'फ़' तर साफ नाहीसाच होतो. आपल्या भाषेत शब्दाचं शेपूट बदलतं, घोडा-घोड्याला. इथे तोंड बदलतं.

हे शिकवायला मुलांच्या नावांइतकं चांगलं साधन नाही, कारण हाक मारताना नाव मऊ होतं. मुलीचं नाव 'मारी' असेल, तर हाक 'अ वारी'. 'मोराक' ला हाक 'अ वोराक'. मुलाचं नाव 'शेमस' असेल, तर हाक 'अ हेमिश'. इंग्रजीतलं हेमिश हे नाव मुळात या हाकेवरूनच आलं. मुलाच्या नावाचा शेवटही किंचित बदलतो, 'स' चा 'श' होतो. मुलीच्या नावाचा शेवट बदलत नाही. स्वराने सुरू होणारं नाव, जसं 'आना' किंवा 'इअन', हाकेतही तसंच राहतं.

रोज सकाळी हजेरी घेताना दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत मुलाबद्दल बोला : मारी इथे आहे, शेमस इथे आहे. दुसऱ्या फेरीत त्याला हाक मारा. दोन्ही फेऱ्यांतला फरक काही महिन्यांतच कानात रुजतो. मग एखाद्या दिवशी हाकेऐवजी मूळ नावच म्हणा. वर्गातली मुलं खुदकन हसतात आणि दुरुस्त करतात. दुरुस्त करणारं मूल नियम शिकलेलं असतं, मग त्याला तो सांगता येवो न येवो.

एक काळजी घ्या. ज्याचं नाव गेलिक नाही अशा मुलाच्या नावाला हात लावण्याआधी घरच्यांना विचारा. आपलं नाव मोडलं असं वाटून पाच वर्षांचं मूल हिरमुसतं, आणि त्या वयात भाषेशी जडलेलं नातं नियमापेक्षा मोलाचं आहे.

तिसरी पायरी : माझ्यापाशी आहे, माझ्यावर आहे

गेलिकमध्ये 'असणे' आहे, इंग्रजीसारखं मालकीचं वेगळं क्रियापद नाही. 'हा कू आकम' म्हणजे 'माझ्याकडे कुत्रा आहे'. 'आकम' माझ्यापाशी, 'आकत' तुझ्यापाशी, 'एक्य' त्याच्यापाशी, 'एह्क्य' तिच्यापाशी. तसंच भूक, तहान, भीती माणसाच्या अंगावर येते. 'हा अन ताख़्क्रस ओरम' म्हणजे भूक माझ्यावर आहे. 'स्तॉल लउम' म्हणजे मला आवडतं. मराठी बोलणाऱ्या मुलाला हे सगळं घरचंच वाटतं, कारण आपल्यालाही भूक लागते, थंडी वाजते, आंबा आवडतो. आपणही 'मी' ला अशा वाक्यांत कर्ता करत नाही. म्हणून मराठी पालकांना माझं सांगणं आहे की शाळा गेलिक असली तरी घरी मराठीच बोलत राहा. लिंग, विभक्ती, 'मला भूक लागली' ही रचना, हे सगळं मुलाच्या कानात आधीच असेल तर त्याचं गेलिक त्यावर उभं राहील.

या शब्दांचा तक्ता भिंतीवर लावू नका, निदान पहिली-दुसरीत तरी नको. त्याऐवजी गोलात बसून वस्तू फिरवा. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याने 'आकम' म्हणायचं, शेजाऱ्याने त्याच्याकडे बघून 'आकत', पलीकडच्याने बोट दाखवून 'एक्य' किंवा 'एह्क्य'. चेंडू पुढे सरकला की सगळ्यांचे शब्द बदलतात. पाच मिनिटं पुरतात, आणि रोज खेळला तरी मुलं कंटाळत नाहीत.

थोडं पुढे, तिसरीच्या आसपास, मालकीतला एक बारीक भेद आणावा. आई-वडील आणि शरीराचे अवयव यांना 'मो' लागतं : 'मो वाहिर' माझी आई, 'मो लाव' माझा हात. बाकी वस्तूंना 'आकम' जोडणं जास्त सहज वाटतं : 'अन कार आकम' माझी गाडी. इंग्रजीच्या सवयीने मुलं सगळ्यालाच 'मो' लावतात. त्याला रागावण्यासारखं काही नाही, पण बाईंच्या स्वतःच्या तोंडी हा भेद पक्का हवा.

चौथी पायरी : खोक्याचा खेळ

शब्दयोगी अव्यय आलं की पुढचं नाम मऊ होतं. 'अम बॉक्स' म्हणजे खोकं, 'आउन्स अ वॉक्स' म्हणजे खोक्यात. 'अम बाल' म्हणजे भिंत, 'एर अ वाल' म्हणजे भिंतीवर. आपल्याकडे 'खोकं' चं 'खोक्या' होतं, तेच काम इथे शब्दाच्या सुरुवातीला चालतं. बॉक्स हा उसना शब्द, पण गेलिकच्या घरात आला की त्यालाही इथलेच नियम.

दुसरीच्या एका वर्गात मी हा खेळ पाहिला, तो असा. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं, एक पिशवी आणि एक पेन. एक मुलगी डोळे मिटून उभी. बाकीच्यांनी पेन लपवलं. ती विचारते, 'काच अ वेल अम प्याउन?' पेन कुठे आहे? वर्ग ओरडतो, 'आउन्स अ वॉक्स!' तिने खोकं उघडलं, पेन नाही. वर्ग खिदळतो. मग ती स्वतः अंदाज बांधते. तिला पेन हवं असेल तर वाक्य पूर्ण म्हणावं लागतं, नुसतं बोट दाखवून चालत नाही, कारण बाई खोकं उघडायलाच जात नाहीत. एक मुलगा घाईत 'आउन्स अम बॉक्स' म्हणाला. बाईंनी भुवया उंचावल्या, खोक्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली. त्याने स्वतःच 'अ वॉक्स' केलं, आणि खोकं उघडलं. कुणी नियम सांगितला नाही. चूक केली तर खोकं उघडत नाही, एवढंच त्या मुलाला कळलं, आणि पुरेसं होतं.

व्याकरणाचा प्रत्येक खेळ असाच बांधावा. योग्य रूप वापरल्याशिवाय खेळ पुढे सरकू नये. नुसती चित्रं जोडण्याचे कागद मुलं रूपाकडे न बघताही भरून टाकतात.

पाचवी पायरी : अक्षरांत दिसणारा बदल

तिसरीपर्यंत वाचन-लेखन गेलिकमधूनच होतं आणि इंग्रजी लेखन तिसरी-चौथीच्या सुमारास सुरू होतं. इंग्रजी अक्षरं येण्याआधी गेलिक लेखनाची घडी बसवून घ्यावी. गेलिक १८ च अक्षरं वापरते. 'व' या आवाजासाठी स्वतंत्र अक्षर नाही. 'ब' किंवा 'म' चं अक्षर लिहायचं आणि पुढे 'एच' जोडायचा. आतापर्यंत कानाने पकडलेला सगळा बदल कागदावर एका 'एच' मध्ये दिसतो, आणि मुलांना तो दिसला की त्यांचे डोळे चमकतात, कारण उत्तर त्यांना आधीच माहीत असतं.

याच टप्प्यावर 'शेवख़ग़' हे नाव द्या. नाव गेलिकच द्या, इंग्रजी संज्ञा नको. नामाला 'एन्यमर', क्रियापदाला 'ग्रीअवर'. पुढे माध्यमिक शाळेत याच संज्ञा लागतात, आणि व्याकरणाचं बोलणं गेलिकमधून झालं तर तोही भाषेचा सराव ठरतो.

स्वरांचा नियम मुलांना घोषवाक्यासारखा पाठ असावा : 'कउल री कउल, इस ल्येहन री ल्येहन.' अरुंद स्वरासमोर अरुंद, रुंद स्वरासमोर रुंद ('इ', 'ए' अरुंद; 'अ', 'ओ', 'उ' रुंद). व्यंजनाच्या दोन्ही बाजूंचे स्वर एकाच जातीचे हवेत. स्वरावरची खूण आता एकाच दिशेला झुकते. १९८१ च्या लेखननियमांनी दुसरी खूण काढून टाकली. शाळेच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांत दोन्ही खुणा दिसतील. मुलांनी विचारलं तर तेवढंच सांगा आणि पुढे चला.

सहावी पायरी : आज्ञेतून भूतकाळ

इथे गेलिक शिक्षकाला मोठी मदत करते. क्रियापदाचं मूळ रूप म्हणजेच एकाला दिलेली आज्ञा, आणि वर्गात आज्ञा तर दिवसभर चालतात. 'दून अन दॉरस', दार लाव. 'तोक', उचल. 'शेस', उभा राहा. 'सुइ', बस. मुलांनी ही रूपं हजारदा ऐकलेली असतात. भूतकाळ करायचा तर पहिला व्यंजन मऊ करायचा, बस्स. 'दून' चं 'ग़ून', 'तोक' चं 'होक', 'शेस' चं 'हेस', 'सुइ' चं 'हुइ', 'कुर' म्हणजे ठेव, त्याचं 'ख़ुर'.

खेळ सोपा आहे. बाई आज्ञा देतात, मूल ती पाळतं, आणि लगेच सांगतं की मी काय केलं. 'कुर अम प्याउन आउन्स अ वॉक्स.' मूल पेन ठेवतं आणि म्हणतं, 'ख़ुर मी अम प्याउन आउन्स अ वॉक्स.' मागच्या पायरीतलं खोकं इथे परत कामाला येतं. पुढच्या टप्प्यात दुसरं मूल तिसऱ्याला सांगतं की त्याने काय केलं. वाक्य क्रियापदाने सुरू होतं, मग कर्ता. 'मी' ने वाक्य सुरू करण्याची इंग्रजी सवय याच खेळात मोडते, कारण आज्ञा क्रियापदानेच सुरू झालेली असते आणि मुलाला फक्त तोच आवाज मऊ करून परत द्यायचा असतो.

स्वराने सुरू होणारी क्रियापदं सुरुवातीला एक आवाज घेतात : 'ओल' पी, 'ग़ोल मी' मी प्यायलो. ही दुसऱ्या आठवड्यात आणा, पहिल्यात नको. 'स्क्रीव', लिही, हे भूतकाळातही 'स्क्रीव'च राहतं, कारण 'स' च्या पुढे 'क' किंवा 'म', 'प', 'त' आला की तो मऊ होत नाही.

मग अनियमित क्रियापदं. 'असणे' सोडून ती दहा आहेत, आणि रोज लागणारी तीच. 'राख़', जा, याचं 'ख़ाय'. 'जेन', कर, याचं 'रइन्य'. 'हिक', ये, याचं 'हानिक'. 'क्लुइन्य', ऐक, याचं 'ख़ुअल'. मराठी मूल तीन वर्षांचं असताना 'करलं' आणि 'मरला' म्हणतं, आणि घरचे त्याला न रागावता 'केलं' म्हणत राहतात. गेलिक शाळेतलं मूल तसंच नियमित रूप बनवून बसतं, आणि त्यात आनंद मानावा, कारण नियम त्याला कळला आहे. फरक एवढाच की त्याला घरी दुरुस्त करायला आजी नाही. म्हणून ही दहा रूपं गोष्टींतून मुद्दाम, खूपदा यायला हवीत. एक चांगली गोष्ट भूतकाळात सांगा, आठवडाभर रोज थोडी, आणि मुलांना ती परत सांगू द्या. गोष्टीत जाणं, येणं, बघणं, ऐकणं, म्हणणं असतंच.

सातवी पायरी : त्याची आई, तिची आई

चौथीत हा धडा घ्यावाच. 'अ वाहिर' म्हणजे त्याची आई. 'अ माहिर' म्हणजे तिची आई. आधीचा 'अ' दोन्हींत सारखाच. फरक फक्त नामाच्या पहिल्या आवाजात. 'अ ख़ू' त्याचा कुत्रा, 'अ कू' तिचा कुत्रा. इतकी वर्षं मऊ होणं हे बोलण्याचं वळण होतं, इथे त्यावर अर्थ टांगलेला आहे. मूल ऐकताना दुर्लक्ष करू शकत नाही.

दोन चित्रं काढा, एक मुलगा आणि एक मुलगी, प्रत्येकाभोवती आई, कुत्रा, पिशवी, टोपी. बाई वाक्य म्हणतात, मुलं योग्य चित्र उचलतात. नंतर मुलं जोडीने खेळतात, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उचलायचं, मध्ये पडदा. चित्र चुकलं तर दोघांनी मिळून शोधायचं की म्हणण्यात चूक होती की ऐकण्यात. माझ्या मते संपूर्ण प्राथमिक अभ्यासक्रमात व्याकरणाचा हा सर्वांत कसदार तास आहे.

आठवी पायरी : लिंग

गेलिकमध्ये दोनच लिंगं, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. स्त्रीलिंगी नामापुढचं विशेषण मऊ होतं : 'बालख़ बेक' लहान मुलगा, 'कालक वेक' लहान मुलगी. नाम एकटं कधी शिकवू नका. विशेषणासह किंवा उपपदासह शिकवा, म्हणजे लिंग त्याला चिकटूनच येईल. फळ्यावर रंग वापरायचे तर निळा-गुलाबी नको. नामाचं लिंग आणि माणसाचं लिंग यांची गाठ मुलांच्या डोक्यात पक्की बसते, आणि मग 'बोरन्यख़' हा बाईमाणूस या अर्थाचा शब्द व्याकरणात पुल्लिंगी निघाला की सगळं विस्कटतं. हिरवा आणि नारिंगी चालतील.

संख्यांचा नियम याच वर्षी जोडता येतो. 'दा ख़ू' दोन कुत्रे, इथे नाम एकवचनीच राहतं आणि मऊ होतं. 'त्री कोन्य' तीन कुत्रे, आता अनेकवचन. 'फ़िह्यत कू' वीस कुत्रे, परत एकवचन. गणिताच्या तासाला मोजताना हे आपसूक येतं.

नववी पायरी : षष्ठी, रस्त्यावरच्या पाट्यांतून

तरुण बोलणाऱ्यांच्या तोंडून सर्वांत आधी सुटत चाललेली विभक्ती म्हणजे षष्ठी. 'मुलाचं घर' म्हणजे 'तय अ वालिह'. शाळेतली मुलं सरसकट 'तय अम बालख़' म्हणतात, दोन नामं नुसती शेजारी ठेवून. सहावी-सातवीत यावर मुद्दाम मेहनत घ्यावी लागते.

सुदैवाने स्कॉटलंडचा नकाशाच षष्ठीने भरलेला आहे आणि हायलँड्समधल्या रस्त्यांवर आणि रेल्वे स्थानकांवर दुभाषी पाट्या आहेत. ओबनच्या गाडीत टेनुल्ट स्थानक लागतं, गेलिकमध्ये 'तय अन उइल्च', ओढ्याचं घर. ओढा म्हणजे 'आउल्ट', षष्ठीत 'उइल्च'. पर्थहून इन्व्हर्नेसला जाताना किंगुसी लागतं, 'क्याउन अ यूसिह', पाइनच्या रानाचं टोक. इंग्रजी बोलणारे या गावाच्या नावातला 'ग' उच्चारत नाहीत, 'किन्यूसी' म्हणतात. षष्ठीत मऊ झालेला आवाज इंग्रजी नावात तसाच मुरून बसला आहे. बेन नेव्हिस या डोंगराच्या उत्तर कड्याखालून वाहणारा 'आउल्ट अ वुलिन' म्हणजे गिरणीचा ओढा, गिरणी 'मुल्यन'. आणि ग्लासगोच्या शाळेचं नाव 'स्कोल ग़ालिक ग़्लासख़ू', त्यात शहराचं नावच मऊ झालेलं आहे.

मुलांना आपल्या भागाचा मोठा नकाशा द्या. प्रत्येक नावातलं मूळ नाम शोधू द्या, शब्दकोशात बघू द्या, काय बदललं ते दोन रंगांनी खुणवू द्या. पुरेशी नावं जमली की नियम मुलांनाच मांडायला सांगा. त्यांनी मांडलेला नियम अर्धवट असेल, तरी तो आधी फळ्यावर लिहा आणि मग नकाशावरच तपासायला लावा. शेवटी वर्गातल्या वस्तूंवर तोच नियम चालवा : दाराची कडी, मुलाचं घर, बाईंची खुर्ची.

चुका कशा दुरुस्त करायच्या

१९९७ साली रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक सर्वांत जास्त वेळा मुलाचं चुकलेलं वाक्य बरोबर करून स्वतः म्हणत होते, आणि मुलं स्वतःला सुधारत होती ती याच उपायाने सर्वांत कमी. कारण साधं आहे. मूल 'तय अम बालख़' म्हणालं आणि बाई हसून 'हो, तय अ वालिह' म्हणाल्या, तर मुलाला वाटतं बाईंनी मान्य केलं.

म्हणून बरोबर रूप स्वतः देण्याआधी मुलाकडून काढून घ्या. वाक्य चुकीच्या जागेपर्यंत परत म्हणा आणि थांबा. किंवा मऊ होण्याची एक खूण वर्गात ठरवा, हाताने हवेत 'एच'. एका आठवड्यात एकाच रूपावर लक्ष ठेवा, बाकी चुका जाऊ द्या. आणि मूल आजी आजारी असल्याचं किंवा कुत्रा हरवल्याचं सांगत असेल, तेव्हा व्याकरणाला हात लावू नका. त्या वेळी ऐका.

बोलीभेदाला चूक समजू नका. लुइसच्या बेटावर पाण्याला 'बूर्न' म्हणतात, इतरत्र 'उश्क्य'. बाई एका बेटाच्या आणि ध्वनिफीत दुसऱ्या बेटाची असेल, तर दोन्ही वर्गात राहू द्या.

तपासणी

गाळलेल्या जागा भरण्याची परीक्षा सहज बनते आणि फारसं सांगत नाही. दर सत्रात प्रत्येक मुलाचं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, तीच चित्रगोष्ट सांगायला लावून. मागच्या सत्राचं शेजारी ठेवून ऐकलं की कोणतं रूप बसलं आणि कोणतं अजून तरंगतंय हे लगेच कळतं. पुढच्या सत्राचे खेळ त्यावरून ठरवा.

शिक्षकाची स्वतःची गेलिक

बरेच शिक्षक मोठेपणी गेलिक शिकलेले असतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण वर्गात मुलांना मिळणारं सगळं व्याकरण त्यांच्याच तोंडून येतं, म्हणून त्यांच्या कानाला खाऊ हवा. 'तोबर अन दूअलख़िश' या संग्रहात बेटांवरच्या जुन्या बोलणाऱ्यांची हजारो ध्वनिमुद्रणं जालावर मोफत ऐकता येतात, आणि त्यांत षष्ठी अजून जिवंत आहे. स्काय बेटावरच्या 'साल मोर ओस्टाग' या १९७३ साली सुरू झालेल्या महाविद्यालयात सुट्टीतले अभ्यासक्रम असतात. वर्गासाठी पुस्तकं आणि खेळ हवे असतील तर स्टोर्नोवेतल्या 'स्टोरलान' या संस्थेकडे विचारा, शाळांसाठी साहित्य बनवणं हेच तिचं काम आहे.

घरच्यांसाठी

गेलिक येत नसेल तरी तीन गोष्टी करता येतात. गेलिक शिशुगीतं आणि बीबीसी अल्बा या गेलिक वाहिनीवरचे मुलांचे कार्यक्रम मुलासोबत बघा, नुसते लावून ठेवू नका. शाळेतून आलेल्या मुलाला 'आज काय शिकलास' विचारण्याऐवजी बाईंची हजेरी किंवा खोक्याचा खेळ घरी घ्यायला सांगा, आणि तुम्ही विद्यार्थी व्हा. तुमची चूक दुरुस्त करताना त्याचं रूप पक्कं होतं. आणि गृहपाठात एखादं रूप चुकलंय का अशी शंका आली तर स्वतः खोडू नका, शेजारी पेन्सिलने छोटी खूण करून वही तशीच बाईंकडे पाठवा.